अंगठा उमटला, संमती कोठे आहे?

अंगठ्याच्या ठशाची महाराष्ट्राला जुनी आणि दुःखद ओळख आहे. सावकाराच्या रोख्यावर तो उमटला आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन कुणब्याच्या हातून गेली. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे बाहेर काढून त्यांची होळी केली, तेव्हा त्यांचा रोष कर्जाइतकाच त्या कागदांवरही होता. कागदात काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येत नव्हते, त्याच्याच विरुद्ध तो कागद न्यायालयात साक्ष देत होता. परकीय सरकारलाही या उद्रेकाची दखल घ्यावी लागली. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने शेतकऱ्याचे दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर व्हावेत, अशी तरतूद केली.

त्यानंतर बरोबर एकशे तीस वर्षांनी, स्वतंत्र भारतात, त्याच अंगठ्याची पुन्हा गरज पडली. या वेळी गहाण पडली ती जमीन नव्हती. दहा ते चौदा वर्षांच्या बालिकांचे देह होते.

खम्ममची वसतिगृहे

जुलै २००९ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि पुढच्याच महिन्यात गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यात शाळकरी मुलींना एक नवी लस टोचण्यास प्रारंभ झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही या विषाणूवरील ही लस. खम्मममध्ये सुमारे चौदा हजार आणि वडोदऱ्यात सुमारे दहा हजार मुली या प्रकल्पासाठी निवडण्यात आल्या. त्यांत भद्राचलमच्या परिसरातील वसतिगृहांत राहणाऱ्या वनवासी कन्या मोठ्या संख्येने होत्या. आईबाप दूरच्या पाड्यावर, मुलगी वसतिगृहात आणि तिच्यावर सत्ता वॉर्डनची, अशी ही स्थिती.

प्रकल्प चालविणारी ‘पाथ’ ही संस्था अमेरिकेतील सिएटल येथील. पैसा गेट्स प्रतिष्ठानचा. लस मर्क आणि ग्लॅक्सो या दोन बलाढ्य कंपन्यांनी विनामूल्य पुरविलेली. भारताच्या बाजूने सोबतीला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि दोन्ही राज्यांची आरोग्य खाती. एवढा मोठा लवाजमा जमला असताना ज्या एका व्यक्तीला विचारावयाचे राहून गेले, ती म्हणजे जिच्या दंडात सुई जाणार होती ती मुलगी आणि तिचे जन्मदाते.

हा कोण्या विरोधकाचा कांगावा नव्हे. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने ३० ऑगस्ट २०१३ रोजी सादर केलेल्या बहात्तराव्या अहवालात ही आकडेवारी आहे. आंध्रातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ पत्रांवर अंगठ्याचे ठसे होते आणि २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. गुजरातेतील ६,२१७ संमतिपत्रांपैकी ३,९४४ पत्रांवर अंगठे होते. मुख्याध्यापकांनी आणि वॉर्डननी पालकांच्या वतीने सह्या कराव्यात, असे परिपत्रकच आंध्र सरकारने काढले होते. म्हणजे ही कोणा आळशी कारकुनाची चूक नव्हती. पालकांना वगळण्याची ती सरकारी योजनाच होती.

अंगठा उमटविणारा माणूस निर्बुद्ध असतो, असे कोणी मानू नये. अक्षरओळख नसलेला शेतकरी बियाण्याची, बैलाची आणि सोयरिकीची पारख शिकलेल्याहून अधिक चोखपणे करतो. कायद्यालाही हे ठाऊक आहे. म्हणूनच सहभागी व्यक्ती वा तिचा पालक निरक्षर असेल, तर सगळी माहिती तोंडी सांगितली जात असताना एक निःपक्ष साक्षीदार प्रारंभापासून अखेरपर्यंत हजर असला पाहिजे आणि त्याने संमतिपत्रावर सही केली पाहिजे, असा नियम आहे. ठसा हा त्या संवादाचा शेवट असावयास हवा. संवाद झालाच नसेल, तर तो ठसा शाईच्या डागापलीकडे काहीही नाही.

नाव बदलले की नियम चुकतो

एवढे सारे घडू शकले, ते एका शब्दाच्या आडोशाने. प्रवर्तकांनी या उपक्रमाला ‘प्रात्यक्षिक प्रकल्प’ म्हटले. लसीला भारतात २००८ मध्येच विक्रीची परवानगी मिळाली होती. तेव्हा ही चाचणी नव्हेच, केवळ लस लोकांपर्यंत कशी पोहोचवावी याचा हा अभ्यास आहे, असा त्यांचा दावा होता. चाचणी नाही म्हटले की चाचणीचे नियम नाहीत, मुलींचा विमा नाही आणि दुष्परिणाम टिपण्याची काटेकोर व्यवस्थाही नाही. संसदीय समितीने हा बचाव फेटाळला आणि त्यामागील व्यापारी हेतूवर थेट बोट ठेवले. लस सरकारी लसीकरण कार्यक्रमात शिरली की कंपन्यांना वर्षानुवर्षे हमखास गिऱ्हाईक मिळते, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे या खासगी, परदेशी संस्थेच्या प्रकल्पासाठी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचे बोधचिन्ह वापरण्यात आले. खेड्यातल्या माणसाचा सरकारी सुईवरचा विश्वास पोलिओ आणि देवीच्या मोहिमांत दारोदार फिरलेल्या कार्यकर्त्यांनी अनेक दशके खपून कमावलेला आहे. तो विश्वास राष्ट्राची ठेव होती. ती ठेव ज्यांनी परस्पर दुसऱ्याच्या खात्यावर वळविली, त्यांना कोणते नाव द्यावे?

आणि येथे एक कटू सत्य सांगितलेच पाहिजे. आंध्रात एका पक्षाचे सरकार होते, गुजरातेत दुसऱ्या पक्षाचे. निशाण्या निराळ्या, परंतु अंगठ्याखालची शाई दोन्हीकडे सारखीच निघाली. परकीयांच्या नावाने बोटे मोडणे सोपे असते. वसतिगृहाचे दार ज्यांनी आतून उघडले, ते हात भारतीयच होते.

या प्रकल्पाच्या काळात सात मुलींचा मृत्यू झाला आणि एप्रिल २०१० मध्ये तो थांबविण्यात आला. सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने २०११ मध्ये, हे मृत्यू लसीमुळे झालेले नसावेत, असा निर्वाळा दिला. कीटकनाशक, सर्पदंश, पाण्यात बुडणे अशी कारणे त्यांत नोंदली गेली. ‘लसीने सात मुली मारल्या’ अशी आरोळी ठोकणे म्हणूनच सत्याला धरून होणार नाही आणि सत्य सोडून कोणतीही लढाई लढू नये. ही लस आज जगभर दिली जाते आणि ती उपयुक्त ठरली आहे. परंतु लस चांगली असल्याने न विचारता टोचण्याचा अधिकार मिळत नाही. औषध उत्तम असो वा निकृष्ट, देह ज्याचा त्याचाच असतो.

एक रोग, तीन कहाण्या

खम्मम ही पहिली घटना असती, तर अपवाद म्हणून तिच्यावर पडदा टाकता आला असता. याच एका रोगाचा इतिहास पाहिला, तर तसे म्हणता येत नाही.

१९७६ ते १९८८ या काळात दिल्लीत आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्याच संस्थेने १,१५८ स्त्रियांच्या गर्भाशयमुखातील विकृत पेशींचा अभ्यास केला. या पेशींतून पुढे कर्करोग उद्भवू शकतो. तो कसा व किती वेगाने उद्भवतो, हे पाहण्यासाठी स्त्रियांना उपचाराविना निरीक्षणाखाली ठेवण्यात आले. त्यांपैकी ७१ जणींत विकार कर्करोगापर्यंत गेला. १९९७ मध्ये हे प्रकरण उजेडात आले, तेव्हा लेखी संमती घेतलेली नसल्याचे स्पष्ट झाले. स्त्रिया अशिक्षित होत्या, म्हणून तोंडी संमती घेतली, असे उत्तर मिळाले. येथे परकीय कंपनी नव्हती, परकीय पैशाचा मोहही नव्हता. संस्था भारतीय, डॉक्टर भारतीय आणि ज्यांना सांगितले गेले नाही त्या भगिनीही भारतीयच. या वादानंतर परिषदेने २००० साली मानवी संशोधनासाठी सविस्तर नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तीच परिषद नऊ वर्षांनी खम्मममध्ये भागीदार म्हणून उभी होती!

दुसरी कहाणी महाराष्ट्रातील आहे. आज धाराशिव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ४९७ गावांतील १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. तीन गटांतील स्त्रियांची तीन निरनिराळ्या पद्धतींनी तपासणी करण्यात आली. चौथ्या गटाला रोगाची आणि उपलब्ध सेवांची माहिती दिली गेली, मात्र त्यांची तपासणी केली गेली नाही. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या होत्या, तर तपासणीविना राहिलेल्या गटात ६४. एका तपासणीने मृत्यू निम्म्यावर येतात, हे जगाला मराठवाड्यातील स्त्रियांनी सिद्ध करून दिले. शास्त्राच्या दृष्टीने हे योगदान मोठे आहे आणि ते करणाऱ्या डॉक्टरांच्या कष्टांविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

तथापि एक प्रश्न उरतोच. अभ्यासाचे समर्थक म्हणतात की, या गावांत तपासणीची सोय आधीही नव्हती, तेव्हा कोणाचे काही हिरावून घेतले गेले नाही. ज्याच्या घरी दिवा नाही त्याला अंधारातच ठेवले तर काय बिघडले, असा हा युक्तिवाद आहे. पाश्चात्त्य देशांत स्त्रियांची नियमित तपासणी कित्येक दशके चालू होती. चौथ्या गटातील प्रत्येक स्त्रीला हे सांगितले गेले असते, तर तिने काय म्हटले असते? मुंबईच्या वस्त्यांत झालेल्या अशाच एका अभ्यासात सहभागी स्त्रियांना पर्यायी तपासणीची पुरेशी माहिती मिळाली नव्हती, असा निष्कर्ष पुढे अमेरिकी सरकारच्या संबंधित कार्यालयानेच काढला. त्या अभ्यासाला पैसाही अमेरिकेतून आला होता.

अधिपतीची अनुज्ञा

संमतीची ही कल्पना पाश्चात्त्यांकडून उसनी आणलेली आहे आणि ‘डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणाल तसं’ म्हणणाऱ्या भारतीय समाजाला ती मानवत नाही, असेही काही विद्वान सांगतात. त्यांनी सुश्रुतसंहिता उघडून पाहावी. गर्भ आडवा अडकला असताना करावयाचे शस्त्रकर्म अत्यंत अवघड असल्याने वैद्याने अधिपतीची अनुज्ञा घेऊन मगच त्यात हात घालावा, असा निर्देश चिकित्सास्थानात आहे. जेथे जीव जाण्याचा धोका आहे, तेथे वैद्याची विद्या पुरेशी नाही, त्याने आधी विचारले पाहिजे, ही जाणीव या भूमीत रुजलेली होती.

त्या काळाच्या रचनेत विचारावयाचे ते अधिपतीला. आजच्या भारतात अधिपती कोण? राज्यघटनेने ते पद प्रत्येक नागरिकाला दिले आहे. १९४७ साली न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने नाझी डॉक्टरांचा निवाडा करताना दहा तत्त्वे सांगितली, त्यांतले पहिलेच तत्त्व स्वेच्छेने दिलेल्या संमतीचे आहे. भारत स्वतंत्र झाला ते वर्षही तेच. हे स्वातंत्र्य खम्ममच्या वसतिगृहापर्यंत पोहोचले असते, तर वॉर्डनच्या लेखणीला त्या कागदावर जागाच उरली नसती. वॉर्डन हा मुलीच्या भोजनाचा आणि निवासाचा व्यवस्थापक आहे, तिच्या देहाचा अधिपती नव्हे.

उद्योग बुडाला, ही ओरड

नियमांची भाषा काढली की दुसऱ्या बाजूने हाकाटी सुरू होते. २००५ मध्ये नियम सैल झाल्यावर भारत हा औषधचाचण्यांचा मोठा बाजार बनला. त्याचे फलित काय? २००५ ते २०१२ या काळात ४७५ नव्या औषधांच्या चाचण्यांदरम्यान २,६४४ जण मरण पावले आणि त्यांपैकी ८० मृत्यू थेट चाचणीशी संबंधित होते, असे केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले. उरलेल्यांत आधीच दुर्धर आजाराने ग्रासलेले अनेक रुग्ण होते, हे मान्य केले पाहिजे. पण त्या ८० घरांचे काय? इंदूरमधील चाचण्यांची प्रकरणे घेऊन स्वास्थ्य अधिकार मंच ही संघटना २०१२ मध्ये न्यायालयात गेली नसती, तर हा आकडा देशापुढे आला असता काय?

न्यायालयाने कान उपटल्यावर २०१३ मध्ये भरपाईचे नियम आले आणि संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचे झाले. चाचण्यांच्या परवानग्या २०१२ मधील २६२ वरून २०१३ मध्ये १०७ वर घसरल्या. भारत संशोधनात मागे पडणार, असा गळा तेव्हा काढण्यात आला. त्यातील एक भाग खरा आहे. भारतीय शरीर, भारतीय आहार आणि भारतीय रोग यांसाठी औषधे हवी असतील, तर चाचण्याही भारतातच झाल्या पाहिजेत. रोटाव्हॅक ही स्वदेशी लस दिल्ली, पुणे आणि वेल्लोर येथील ६,७९९ बालकांवरील चाचणीतूनच सिद्ध झाली आणि त्या चाचणीत पालकांची लेखी संमती घेण्यात आली होती. चाचण्यांना सरसकट विरोध करणे म्हणजे राष्ट्राला कायमचे परक्या प्रयोगशाळांच्या दाराशी बसविणे होय.

प्रामाणिक संशोधकाच्या अडचणीही खऱ्या आहेत. शंभर रुग्णांच्या रांगेपुढे बसलेल्या डॉक्टरने वीस पानांचे संमतिपत्र कोणाला, केव्हा समजावून सांगावे? कोणाला खरे औषध आणि कोणाला औषधाविना गोळी मिळणार हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरते, हे आजारी माणसाच्या गळी कसे उतरवावे? उपचार करणारा आणि प्रयोग करणारा डॉक्टर एकच असेल, तर ‘नाही’ म्हटल्यावर पुढचा उपचार मिळेल ना, ही धास्ती रुग्णाच्या मनातून कशी काढावी? आणि डॉक्टरला प्रत्येक रुग्णामागे कंपनीकडून पैसे मिळत असतील, तर त्याच्या सल्ल्यावर विश्वास कसा ठेवावा? या प्रश्नांची उत्तरे कष्टाने शोधावी लागतात. त्यांसाठी स्वतंत्र समुपदेशक नेमावे लागतात, कागद लोकांच्या बोलीत लिहावा लागतो, रुग्णाला घरच्यांशी बोलण्यास दोन दिवस द्यावे लागतात. हा खर्च संशोधनाचाच भाग आहे. तो टाळून वाचविलेला पैसा गरिबाच्या देहातून वसूल केलेला असतो.

न विचारल्याची किंमत

विचारत बसलो तर कामे होणार नाहीत, असे ज्यांना वाटते, त्यांनी सिक्कीमकडे पाहावे. या छोट्याशा राज्याने २०१८ मध्ये हीच एचपीव्ही लस शाळांमधून दिली. आधी शिक्षकांना, पालकांना आणि गावकऱ्यांना माहिती दिली, शंकांना उत्तरे दिली. परिणामी सुमारे ९७ टक्के मुलींनी पहिली मात्रा घेतली. वॉर्डनच्या सहीची गरज कोणाला भासली नाही.

आणि खम्ममने काय साधले? त्या प्रकरणानंतर ही लस देशात संशयाच्या भोवऱ्यात सापडली. राष्ट्रीय लसीकरणविषयक तांत्रिक सल्लागार गटाने ती राष्ट्रीय कार्यक्रमात घेण्याची शिफारस केली, तेव्हा २०२२ साल उजाडले होते. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वदेशी लसही सिद्ध झाली. मधल्या काळात रोग थांबून राहिला नव्हता. २०२० मध्ये भारतात या कर्करोगाचे सुमारे १ लाख २३ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ७७ हजार मृत्यू झाल्याचा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. पालकांना विचारण्याचे चार दिवस ज्यांनी वाचविले, त्यांनी देशाच्या लेकींची एक तपाहून अधिक वर्षे वाया घालविली. संमती हा विज्ञानाच्या वाटेतला धोंडा आहे असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

२०१९ मध्ये नवी औषधे व चाचण्यांची नियमावली आली. नैतिकता समितीत किमान सात सदस्य आणि त्यांतले निम्मे संस्थेबाहेरचे असावेत, चाचणीमुळे इजा वा मृत्यू झाल्यास भरपाई मिळावी, संमतिपत्राची प्रत सहभागी व्यक्तीला द्यावी, हे सारे आज कायद्यात आहे. मात्र सर्व चाचण्यांना लावलेले ध्वनिचित्रमुद्रणाचे बंधन २०१५ मध्येच आकसून दुर्बल गटांवरील, त्यातही सर्वस्वी नव्या औषधांच्या चाचण्यांपुरते उरले आहे. डिसेंबर २०२० मध्ये भोपाळच्या वायुपीडित वस्त्यांतून कोरोनाच्या लसचाचणीसाठी माणसे नेण्यात आली, तेव्हा ही चाचणी आहे हे सांगितलेच नाही, कागदाची प्रत दिली नाही, साडेसातशे रुपये मिळतील एवढेच कळले, अशा तक्रारी सहभागी झालेल्यांनी केल्या. संबंधित रुग्णालयाने त्या नाकारल्या. खरेखोटे काहीही असो. नियम छापून झाल्यावरही अशी तक्रार गरिबाच्याच वस्तीतून का येते, श्रीमंतांच्या वसाहतीतून का येत नाही, याचा विचार व्हावयास हवा.

मागणी फार मोठी नाही. संमतिपत्राच्या पहिल्याच पानावर, त्या माणसाच्या मातृभाषेत, ठळक अक्षरांत तीन वाक्ये असावीत: हा प्रयोग आहे, तुम्हाला नाही म्हणता येते, नाही म्हटल्याने तुमचा उपचार थांबणार नाही. हे पान मोठ्याने वाचून दाखविल्याशिवाय पुढचे पान उलटू नये. अल्पवयीन मुलांसाठी आईबापांची संमती आणि समजत्या वयाच्या मुलाचा स्वतःचा होकार, यांची जागा कोणत्याही परिपत्रकाने घेऊ नये. नैतिकता समितीने वातानुकूलित कक्षात कागद तपासण्याऐवजी वर्षातून चार वेळा त्या वस्तीत जाऊन, अंगठा देणाऱ्या चार माणसांना विचारावे, ‘तुम्ही कशाला हो म्हणालात?’

या प्रश्नाचे उत्तर ज्या दिवशी भद्राचलमच्या वसतिगृहातील मुलगी आणि तिची आई आपल्या शब्दांत देऊ शकेल, त्या दिवशी तिने दिलेली संमती खरी ठरेल. आणि त्या दिवशी तिने ‘नाही’ म्हटले, तर तो नकारही तितक्याच आदराने नोंदवून घेणारे विज्ञानच भारतीय विज्ञान म्हणविण्यास पात्र ठरेल.